दिव्याचा रकाना

हे लिहायचं कारण साधं आहे. विहिरीत, पेवात किंवा शेगडी ठेवून बंद केलेल्या खोलीत गुदमरलेला माणूस जगला, की लोक "वाचला" म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. वाचल्यावर पुढं काय होतं, ते कुणी सांगत नाही. मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या बायकोला तर फारच.

मी सांगलीच्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. बाटल्या धुणं, द्रावणं तयार करणं, फुटलेल्या नळ्यांची यादी ठेवणं हे माझं काम. शिकवलं कधीच नाही, तरी सगळे मला मास्तर म्हणतात. मीही कुणाला दुरुस्त करत बसत नाही.

आमच्या सरांना बंद जागेतल्या हवेचा नाद. शाळेचे वर्ग, नाटकाचं थेटर, चुलीची स्वयंपाकघरं, सगळीकडे आम्ही चुन्याच्या निवळीच्या बाटल्या घेऊन हिंडायचो. जिथं निवळी लवकर दुधाळ होते तिथली हवा वाईट. मग सर त्या घरमालकाला भिंतीत वरच्या बाजूला झरोका पाडायला सांगायचे आणि घरमालक आम्हांला चहा देऊन वाटेला लावायचा. असं तीन-चार वर्षं चाललं होतं.

मग महायुद्धाची लढाई लांबली, रॉकेल रेशनच्या कार्डावर गेलं आणि सरांचं लक्ष पेवांकडे वळलं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेली हळदीची कोठी. तोंड एका माणसापुरतं, खाली पोट मोठं, खोली दोन-तीन पुरुष. हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण कीड जगेल अशी हवाच आत उरत नाही. अर्थात माणूसही तिथं जगणार नाही. म्हणून पेव फोडलं की ते आधी काही तास उघडं ठेवायचं आणि मग पेटता कंदील दोरीनं तळापर्यंत सोडायचा. जळत राहिला तर माणसानं उतरायचं, विझला तर आणखी थांबायचं. ही रीत कुणी पुस्तकात वाचून आणलेली नाही.

सरांचं म्हणणं असं, की पेव किती वेळात मोकळं होतं याचा पक्का तक्ता केला तर पुढं कंदिलाची गरज राहणार नाही, तेवढंच रॉकेल वाचेल. माझ्या काकांची हळदीची आडत, त्यांची हरिपूरच्या वाटेवर बरीच पेवं. तेव्हा निरीक्षणं घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मार्गशीर्षापासून माघापर्यंत मी ती घेतली. तक्ता झाला, तरी पेव फोडल्याची वेळ आणि दिव्याची नोंद मी वहीत पुढंही करत होतो. बरोबर दत्तू असायचा. काकांकडचा हमाल, पेवात पहिला उतरणारा. काटक माणूस. कृष्णेत सूर मारला की एका दमात निम्म्या पात्रापलीकडे डोकं वर काढायचा आणि काठावरच्या आम्हांला हात करायचा.

वैशाखात अपघात झाला. त्याच्या आदल्या दिवशीचं मला लख्ख आठवतं. दत्तू पेवाच्या तोंडाशी तंबाखू मळत बसला होता. म्हणाला, "मास्तर, तुमचा तक्ता थंडीतला हाय. उन्हाळ्यात पेव लवकर मोकळं व्हत न्हाई."

मी म्हटलं, "हवा ती हवा, दत्तू. तिला काय थंडी आणि काय ऊन."

"तुमी शिकल्याली मानसं," तो म्हणाला. आणि हसला.

त्यानंतरचे बारा दिवस माझ्याकडे नाहीत.

चार वेळा

शुद्ध आली ती मिरजेच्या दवाखान्यात. पहिल्यांदा दिसलं ते छत, आणि छताखालचा झरोका. झरोका बरोबर जागी आहे, असं मनात आलं. मग बायको दिसली. तिचं नाव यमुना. ती रडत होती. ही का रडतेय, असं वाटलं. वाटलं म्हणजे प्रश्न पडला, इतकंच.

मी विचारलं, "दत्तू कुठंय?"

ती म्हणाली, "दत्तू गेला."

मी "बरं" म्हणालो.

थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. दोन दिवसांत हे चार वेळा झालं, असं ती नंतर म्हणाली. चार वेळा दत्तू मेला आणि चारही वेळा मी "बरं" म्हटलं. पाचव्यांदा मी विचारलं नाही, तेव्हा तिला मी सुधारतोय असं वाटलं.

काय झालं ते मला असं सांगण्यात आलं. दत्तू उतरला आणि खाली कोसळला. मी कमरेला दोर बांधून त्याच्यामागं उतरलो. वर दोर धरायला दोन हमाल होते, ते नुकतेच येऊन पोचलेले. मीही पडलो. पण दोर कमरेला असल्यामुळं त्यांनी मला ओढून काढलं. दत्तूनं तळाशी गेल्यावर पोती भरायला आपला दोर सोडला होता. त्याला गळ टाकून काढेपर्यंत उशीर झाला.

लोक मला भेटायला यायचे आणि म्हणायचे, "मास्तर, जिवावर उदार झालात." मी ऐकून घ्यायचो. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत असं वाटायचं.

डॉक्टर पेन्सिल धरतात

आजार काय ते कळलं त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यासमोर पेन्सिल धरली आणि तिला बोट लावायला सांगितलं. हात मांडीवर असेपर्यंत स्थिर होता. पेन्सिलीच्या जवळ गेला आणि नाचायला लागला. तीन वेळा हुकलो. मग डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचली. टोचलेली दिसली, कळली नाही.

ते म्हणाले, "मेंदूला हवा कमी पडली. किती वेळ, ते सांगता येत नाही. हात सुधारेल, पाय बहुतेक सुधारतील. त्या दिवसाची आठवण मात्र परत येणार नाही. तिची वाट पाहू नका."

यमुनेनं पदर तोंडाला लावला. मी हिशेब करत होतो, की अशा हातानं काचेची नळी कशी धरायची. भीती वाटायला हवी होती. कापूस भरलेल्या कानानं ऐकावं तसं सगळं लांबून येत होतं. ज्यांच्या घरी असा माणूस परत आलाय त्यांना एवढंच सांगतो, की तो रडत नाही म्हणून त्याला काही वाटत नाही असं धरू नका. आणि वाटत असेल असंही धरू नका. मला कित्येक महिने खरोखरच काही वाटत नव्हतं.

वॉर्ड

दवाखान्यात सकाळी सहाला सगळ्या खिडक्या उघडायच्या. मग स्पंजिंग, लापशी, डॉक्टरांची फेरी. दुपारी सामसूम. चार वाजता चहा. एक वयस्कर नर्सबाई होत्या. त्यांनी वाळूची छोटी पिशवी शिवून माझ्या मनगटाला बांधली. हाताला वजन असलं की थरथर जरा कमी होते. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी हे करून पाहावं, खर्च काही नाही.

शेजारच्या खाटेवर मलकापूरचा एक शिपाई होता, रजेवर येऊन पाय मोडून घेतलेला. तो चोरून विडी ओढायचा. मी धुराकडे बघत पडायचो, दुसरा उद्योगच नव्हता. सकाळी बाहेरची हवा गार असायची. ती खिडकीतून खाली घुसायची आणि धूर वरच्या झरोक्यातून भराभर बाहेर पडायचा. दुपारी बाहेर ऊन तापलं की वॉर्ड आतून गार, बाहेर गरम. मग तोच धूर खाटेवर लोंबकळत राहायचा. हलायचाच नाही.

असं सात-आठ दिवस बघितलं आणि एका दुपारी कळलं. थंडीत बाहेरची जड गार हवा आपणहून पेवात उतरते आणि आतली हवा वर काढते. उन्हाळ्यात पेव गार आणि बाहेर तापलेलं. मग आतली हवा तळाशी बसून राहते, पेव दिवसभर उघडं ठेवलं तरी. माझा सगळा तक्ता थंडीतला होता. दत्तूनं हेच सांगितलं होतं.

शिपाई म्हणाला, "काय बघताय मास्तर एवढं?"

"धूर."

"लय येडं मानूस हाय गड्या," तो पलीकडच्या खाटेला म्हणाला आणि विडी विझवली.

तक्ता चुकला तरी कंदील होताच, असं मी मनाला सांगितलं. तक्ता चुकेल म्हणून तर कंदील असतो. वहीत तशी नोंद आहे असं काका येऊन सांगून गेले होते. "वहीत तुझ्या हातचं लिहिलंय, दिवा ठीक. फौजदारांनी पाहिलं, मिटलं."

मग दत्तू का मेला? त्याचंही उत्तर काकांनी लोकांना देऊन टाकलं होतं. दत्तूची छातीच पोखरलेली होती, त्याला क्षय होता, म्हणून त्याला भोवळ आली. मास्तर धडधाकट, म्हणून वाचले.

घरी

दीड महिन्यानं घरी आलो. आईनं माझ्या खोलीच्या खिडक्या लावून घेतल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि पायाशी शेगडी आणून ठेवली. आजारी माणसाला वारा लागू नये म्हणून. यमुनेनं शेगडी उचलून अंगणात नेली आणि खिडकी उघडली.

"अगं, त्याला गारठा बाधेल," आई म्हणाली.

"त्यांना बंद हवा बाधलीय, सासूबाई. गारठा नाही."

महिनाभर त्या खिडकीवरून दोघींची धुसफूस चालली. आई लावायची, यमुना उघडायची. एरवी मी मध्ये पडलो असतो, चुन्याची निवळी आणून आईला दाखवली असती. तेव्हा मी खाटेवर पडून खिडकीचं दार कुणीकडे जातंय तेवढं पाहायचो.

दत्तूची बायको सगुणा आमच्या घरी कामाला यायला लागली होती. काकांनीच लावून दिलं होतं. मला चारचा चहा ती पाजायची, कारण त्या वेळी यमुना चुलीपाशी अडकलेली असायची. सगुणा खाटेशी बसायची, कप दोन्ही हातांत धरायची आणि माझ्या ओठांना लावायची. एक थेंब सांडत नसे. तिचा स्वतःचा चहा वेगळ्या कपात असायचा. तो कप आई बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवायची. क्षयाच्या घरची म्हणून.

तिच्या घरीही तेच. तिचा सासरा धनगरी वळणाचा सरळ म्हातारा, आटपाडीकडून इथं येऊन राहिलेला. पण जावेनं धसका घेतला होता. सगुणेच्या दोन पोरींची ताटं वेगळी, पाण्याचा तांब्या वेगळा, निजायची जागा ओसरीवर.

एका दुपारी चहा पाजता पाजता सगुणेनं विचारलं, "मास्तर, त्येंस्नी खोकला कवा व्हता का वो? तुमी रोज बरुबर असायचा."

"आठवत नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं. माझे बारा दिवस गेले होते, बारा वर्षं नाही. दत्तू कधी खोकला नव्हता. नदीतनं हात करणारा दत्तू मला नीट आठवत होता. पण खोकला नव्हता म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग मेला कशानं? आणि "आठवत नाही" म्हटलं की माझ्याकडे सगळे दयेनं बघायचे. आजाराची सोय होते, हे कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितो.

तिनं आणखी तीन-चार वेळा तरी विचारलं. मी तेच उत्तर दिलं.

वही

दिवाळीनंतर हातांत जरा धरवायला लागलं तेव्हा मी काकांकडून वही मागून आणली. त्या दिवसाचं पान काढलं. पेव फोडल्याची वेळ पेन्सिलीनं लिहिलेली. त्याच्या पुढचा रकाना दिव्याचा. त्यात "ठीक". शाईनं.

पेवावर मी शाई कधीच नेत नसे. घामेजल्या हातात टाक गळतो, सगळं पान खराब होतं. तिथलं सगळं लिखाण पेन्सिलीचं. शाईनं लिहायचो ते घरी, आदल्या संध्याकाळी, रकाने आखताना.

मी पानं मागं उलटली. पहिल्या दोन महिन्यांत दिव्याचा रकाना पेन्सिलीचा होता. मग रॉकेल आणखी कमी झालं आणि तिथून पुढं सगळं शाईचं. ठीक, ठीक, ठीक. तेव्हाचं मला आठवलं. दिवसाच्या पहिल्या पेवात कंदील सोडायचा आणि उरलेल्यांत सोडला असं धरून चालायचं. उत्तर नेहमी तेच यायचं, म्हणून मी ते आधीच लिहून ठेवायला लागलो. सरांना हे माहीत नव्हतं. दत्तूला लिहिता-वाचता येत नव्हतं.

काकांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "तुला काही आठवत नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. त्या दिवशी कंदील सोडला की नाही, तू शपथेवर सांगू शकतोस?"

"नाही."

"मग गप्प बस. आठवण गेली हे तुझं नशीब समज."

घरी येऊन मी यमुनेला विचारलं, "त्या दिवशी मी कंदील नेला होता का गं?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. "खुंटीलाच होता," ती म्हणाली. "चार दिवस त्यात तेल नव्हतं."

"तू बोलली नाहीस."

"तुम्ही जिवंत होतात. तेवढं मला पुरे होतं. मी दुसऱ्या कुणाचा विचार केला नाही." मग ती म्हणाली, "रोज ती तुम्हांला चहा पाजते ना, तेव्हा मी मुद्दाम चुलीपाशी असते. मला बघवत नाही."

त्या वेळी, अपघातानंतर पहिल्यांदा, मला लाज वाटली. हातापायांत मुंग्या येतात तशी हळूहळू आली. यमुनेचीही वाटली आणि माझीही. बरं वाटलं नाही, पण काहीतरी वाटलं.

चारचा चहा

दुसऱ्या दिवशी सगुणा चहा घेऊन आली, खाटेशी बसली, कप उचलला.

मी म्हटलं, "सगुणाबाई, दत्तूला खोकला नव्हता."

कप तिथंच थांबला. "आज आठवलं व्हय?"

"नाही. आठवत होतं."

 माझी जीभ तेव्हाही जड होती, एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. "त्याची छाती चांगली होती. त्या दिवशी कंदील सोडला नाही. त्यात तेल नव्हतं, तो घरीच होता. वहीत मी आदल्या दिवशीच ठीक लिहून ठेवलं होतं. तक्ता बघून मीच त्याला उतर म्हटलं असणार."

"त्येंनी इचारलं असंल," ती म्हणाली. "इचारल्याबिगर उतरायचे न्हाईत."

"विचारलं असेल."

"तुमी व्हय म्हनला असशिला."

"हो."

"इश्वास व्हता त्येंचा. घरी येऊन सांगायचे, मास्तर समदं कागदावर लिवून घेत्यात." तिनं कप खाली फरशीवर ठेवला. "माज्या पोरींची ताटं कवाधरनं येगळी हायती. तुमास्नी म्हाईत व्हतं?"

"माहीत होतं."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि तिथनं वळून म्हणाली, "मामंजी सकाळचं घरात असत्यात. त्येंच्यासमोर बोलशिला?"

"बोलेन."

"तवा आठवत न्हाई म्हनू नगा."

ती गेल्यावर मी खाटेवरून खाली उतरलो आणि कप दोन्ही हातांनी उचलला. निम्मा चहा अंगावर सांडला, उरलेला प्यालो. यमुना दारात उभी होती. ती पुढं झाली नाही आणि मीही तिला हाक मारली नाही.

सरांना पत्र लिहून शाईच्या सगळ्या नोंदी रद्द करायला कळवलं. पत्राला चार दिवस लागले, अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखं येतं. फौजदारांकडेही जाऊन आलो. त्याचं जे व्हायचं ते व्हायचंय. काका माझ्याशी बोलत नाहीत. आईनं मात्र तो खिडकीतला कप एक दिवस उचलून आत नेला. सगुणा चहाच्या त्या दुपारनंतर आमच्याकडे आली नाही, त्यामुळं तो तसाच फडताळात आहे.

पण आधी त्या सकाळचं सांगायला हवं. काठी टेकत मी दत्तूच्या घरी गेलो. यमुना बरोबर होती. म्हातारा ओसरीवर घोंगड्यावर बसला होता, जाऊ दळत होती, सगुणा भिंतीशी उभी. मी सगळं सांगितलं. मध्ये दोनदा जीभ अडकली, तरी कुणी घाई केली नाही. जात्याचा आवाज थांबला होता.

माझं बोलणं संपल्यावर म्हातारा म्हणाला, "म्हंजे आमच्या पोराला काय झालं नव्हतं."

"नाही."

तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. ओसरीच्या कोनाड्यात पोरींची दोन ताटं होती. ती त्यानं काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि आत चुलीपाशी नेऊन इतर भांड्यांत ठेवली. बाहेर आला आणि पुन्हा घोंगड्यावर बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मला बसा म्हणून कुणी म्हणालं नाही. माझे पाय बधिर असतात, त्यामुळं आम्ही तिथं किती वेळ उभे होतो ते मला कळलं नाही. यमुनेनं नंतर सांगितलं.